शूटिंग संपल्यावर सुरू होणारं काम: फिल्म एडिटिंग आणि पोस्ट प्रॉडक्शनमधलं करिअर

1979 साली आलेल्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटासाठी सुमारे साडेबारा लाख फूट फिल्म वापरली गेली होती. सलग बघायची म्हटली तर ती 230 तासांच्या आसपास भरते. प्रेक्षकांनी थिएटरात पाहिलेला चित्रपट होता साधारण अडीच तासांचा. म्हणजे शूट केलेल्या दर नव्वदेक मिनिटांमागे एक मिनिट पडद्यावर आलं आणि बाकीचं सगळं बाजूला राहिलं. हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण आज साध्यासुध्या चित्रपटातही शेवटच्या लांबीच्या वीस-पंचवीस पट फुटेज सहज जमतं. कॅमेरा डिजिटल झाल्यापासून 'अजून एक टेक घेऊ' म्हणायला कुणाचाच हात आखडत नाही.

हा ढीग घेऊन बसणारा माणूस म्हणजे एडिटर. त्याच्या आजूबाजूला आणि त्याच्या पुढे-मागे आवाज, रंग, व्हीएफएक्स (संगणकावर तयार केलेले दृश्य परिणाम) आणि अंतिम फाइल तयार करणाऱ्यांची जी साखळी असते ती म्हणजे पोस्ट प्रॉडक्शन. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, 'कुठलं सॉफ्टवेअर शिकू?' प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो दुय्यम आहे. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताखाली येतं. वेळ लागतो तो दोन गोष्टींना. एक, कोणता क्षण ठेवायचा आणि कोणता सोडायचा याची जाण. दुसरी, हजारो फाइल्समधली एकही न हरवता, न बिघडवता शेवटपर्यंत नेण्याची शिस्त. जाणीमुळे पुढे मोठं काम मिळतं, पण एडिट रूमचं दार उघडतं ते शिस्तीमुळे. या लेखात मला मुख्यतः हेच समजावून सांगायचं आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला जाण दिसते आणि शिस्त अजिबात दिसत नाही.

कट म्हणजे काय

एक छोटा सीन घेऊ. खोलीत बहीण-भाऊ बसले आहेत. बहीण म्हणते, "बाबांचं पत्र मी वाचलं." भाऊ जरा थांबतो आणि म्हणतो, "मग?" बस, एवढंच.

याचं शूटिंग साधारण असं झालेलं असतं: दोघंही दिसतील असा एक मास्टर शॉट, बहिणीचा क्लोजअप, भावाचा क्लोजअप आणि प्रत्येकाचे चार-पाच टेक. नवा एडिटर काय करतो? जो बोलतो त्याला दाखवतो. बहीण बोलली, तिचं वाक्य संपलं, कट. भाऊ बोलला, कट. यात चुकीचं काही नाही, फक्त सीन मेलेला असतो. प्रेक्षकाला वाक्यं ऐकू येतात, माणसं दिसत नाहीत.

आता दुसरा मार्ग. बहीण 'पत्र' म्हणते तिथेच चित्र भावावर न्यायचं. 'मी वाचलं' हे शब्द आपण भावाच्या चेहऱ्यावर ऐकतो. त्याला ते कळतं त्याच क्षणी आपल्यालाही कळतं. इथे आवाज मागच्या शॉटचा चालू आहे आणि चित्र पुढच्या शॉटचं आलं आहे. एडिट रूममध्ये याला एल कट म्हणतात. उलट झालं, म्हणजे पुढच्या शॉटचा आवाज आधी आला आणि चित्र मागाहून आलं, की तो जे कट. तुम्ही पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या संवादाच्या सीनमध्ये हे दोन्ही असतात आणि तुमच्या लक्षात आलेले नसतात.

पुढे जाऊ. समजा तिसऱ्या टेकमध्ये भावाचा थांबा सुंदर आहे, पण 'मग?' सपाट झालंय. पाचव्या टेकमध्ये 'मग?' नेमकं लागलंय, पण थांबा नाही. एडिटर तिसऱ्या टेकमधला थांबा ठेवतो, तिथून बहिणीच्या चेहऱ्यावर जातो आणि पाचव्या टेकमधलं 'मग?' तिच्या चेहऱ्यावर ऐकवतो. पडद्यावर जो अभिनय दिसतो तो सेटवर एका दमात कधी झालाच नव्हता.

आणि तो थांबा किती ठेवायचा? चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम्सने चालतो. 12 फ्रेम्स म्हणजे अर्धा सेकंद ठेवला, तर वाटतं की भावाचं उत्तर तयारच होतं. 36 फ्रेम्स ठेवल्या तर वाटतं की तो काहीतरी लपवतोय. संवाद तोच, नट तोच, फरक फक्त एका सेकंदाचा, पण माणूस बदलला. यातलं बरोबर कोणतं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते पुढच्या-मागच्या सीनवर ठरतं. पुढे भाऊ खोटं बोलणार असेल तर इथे त्याला इतक्या लवकर पकडून द्यायचं का? एडिटरचा दिवस अशा प्रश्नांत जातो.

1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉट्सशेजारी जोडून दाखवला. शेजारी सूपची वाटी आली की लोकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, शवपेटी आली की दुःख दिसलं. चेहरा तोच होता. शंभर वर्षं झाली तरी या धंद्याचा पाया तोच आहे: शॉटचा अर्थ शेजारच्या शॉटवरून ठरतो.

यंत्रं बदलली, काम नाही

एडिटिंगसाठी मोव्हिओला हे यंत्र 1924 मध्ये आलं आणि पुढची कित्येक दशकं हॉलिवूडचे एडिटर त्यावर फिल्म अक्षरशः कापून, चिकटवून काम करत राहिले. मग सपाट टेबलासारखी स्टीनबेक यंत्रं सर्वत्र दिसू लागली. 1989 मध्ये अ‍ॅव्हिडची संगणकावरची प्रणाली बाजारात आली. अमेरिकन एडिटर वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट'चं संकलन फिल्मवर सुरू केलं आणि मधेच ते अ‍ॅव्हिडवर गेले. 1997 मध्ये त्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर मिळालं. डिजिटल पद्धतीने संकलित झालेल्या चित्रपटाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

आज मोठे चित्रपट आणि मालिका यांत अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझर भरपूर चालतं, कारण एकाच प्रोजेक्टवर अनेक जणांनी एकाच वेळी काम करण्याची त्याची सोय फार पक्की आहे. जाहिराती, माहितीपट, ऑनलाइन कामं यांत अ‍ॅडोबी प्रीमियर जास्त दिसतं. दाविंची रिझॉल्व्ह मुळात रंगाचं काम करणारं सॉफ्टवेअर होतं, आता त्यात एडिटिंग, आवाज, व्हीएफएक्स सगळं आलं आहे आणि त्याची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी आहे. माझं मत विचाराल तर यातलं एक नीट शिका. नीट म्हणजे माउसला हात न लावता निम्मं काम कीबोर्डवर होईल इतकं. दुसरं शिकायला मग फार दिवस लागत नाहीत, कारण टाइमलाइन (शॉट्स लावायची पट्टी), बिन (शॉट्स ठेवायचं फोल्डर), ट्रिम (कट पुढे-मागे सरकवणं), सिंक (चित्र आणि आवाज जुळवणं) या कल्पना सगळीकडे त्याच आहेत.

न दिसणारा भाग

सेटवर दिवस संपतो तेव्हा कॅमेऱ्याची कार्डं आणि साउंडच्या फाइल्स डेटा सांभाळणाऱ्याकडे येतात. त्याचं पहिलं काम कॉपी करणं. पण नुसतं ओढून टाकणं नव्हे. कॉपी करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचा चेकसम काढतं. हा फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने तयार झालेला एक आकडा असतो. मूळ फाइलचा आणि कॉपीचा आकडा जुळला तर आणि तरच कॉपी खरी. किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वमान्य नियम आहे. तोवर कार्ड फॉरमॅट होत नाही, मग सेटवर कितीही घाई असो. शंभर माणसांची दिवसभराची मेहनत त्या एका कार्डावर असते.

मूळ फुटेज फार जड असतं. किती जड? चित्रपटाच्या 4के आकाराची, 10 बिटची, न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) एक फ्रेम सुमारे 35 एमबीची होते. सेकंदाला 24 फ्रेम्स धरल्या तर एका तासाला जवळपास 3 टीबी. कॅमेरे सहसा काही प्रमाणात दाबूनच रेकॉर्ड करतात, तरीही एडिटिंगच्या संगणकाला ते झेपत नाही. म्हणून प्रत्येक शॉटची हलकी प्रत बनवतात, तिला प्रॉक्सी म्हणतात. प्रोरेस प्रॉक्सी या प्रकारात फुल एचडीचा एक तास साधारण 16 जीबीत बसतो. एडिटर महिनोन्महिने या हलक्या प्रतीवर काम करतो आणि एडिट पक्का झाला की त्याच कट्सच्या जागी मूळ जड फुटेज बसवलं जातं. या बसवण्याला कन्फॉर्म म्हणतात. ते शक्य होतं ते प्रत्येक फ्रेमवर असलेल्या टाइमकोडमुळे (तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक) आणि फाइलच्या नावामुळे. कुणी प्रॉक्सी बनवताना नाव बदललं किंवा टाइमकोड शून्यापासून सुरू केला, तर सहा महिन्यांनी कन्फॉर्मच्या वेळी संगणकाला मूळ शॉट सापडत नाही आणि कुणाला तरी एकेक शॉट डोळ्यांनी शोधत बसावं लागतं.

फ्रेम रेटचा गोंधळ तर नव्या माणसाला हमखास गाठतो. चित्रपट 24 फ्रेम्सवर चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत 23.976 असाही पर्याय असतो. हा विचित्र आकडा आला तो अमेरिकन टीव्हीमुळे. 1953 मध्ये तिथे रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून सेकंदाला 30 फ्रेम्सचा वेग किंचित कमी करून 29.97 केला गेला. त्याच प्रमाणात 24 चे झाले 23.976. फरक हजारात एका भागाचा. आता समजा, शूटिंग बरोबर 24 वर झालं आणि असिस्टंटने ते फुटेज 23.976 च्या प्रोजेक्टमध्ये त्या गतीने बसवलं. चित्र कणभर संथ झालं, वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज मात्र मूळ गतीनेच चालतोय. शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजते त्या क्लॅपच्या ठिकाणी सगळं जुळलेलं दिसतं. एका मिनिटानंतर दीड फ्रेमचा फरक पडतो, दोन मिनिटांनंतर तीन फ्रेम्सचा, आणि ओठ व शब्द वेगळे पडल्याचं जाणवायला लागतं. तासाभराची मुलाखत असेल तर शेवटी 3.6 सेकंद. म्हणून सिंक फक्त सुरुवातीला तपासायचं नसतं. शॉटच्या मध्यावर आणि शेवटीही बघायचं. ही सवय ज्या असिस्टंटला असते त्याच्यावर एडिटर डोळे मिटून विश्वास टाकतो.

पिक्चर लॉक आणि त्यानंतरची धांदल

आधी सगळे शॉट्स पटकथेप्रमाणे लावून एक लाइनअप तयार होतो. तो बहुतेक वेळा फार लांब आणि बघायला जड असतो, आणि दिग्दर्शकाचा धीर सुटण्याची ही ठरलेली वेळ आहे. मग रफ कट, दिग्दर्शकाचा कट, निर्मात्यांच्या सूचना, पुन्हा बदल. अखेरीस एक दिवस ठरतं की आता एकही फ्रेम हलणार नाही. तो पिक्चर लॉक.

लॉक झाल्यावर काम एकाच वेळी अनेक खोल्यांत जातं. आवाजवाल्यांना एएएफ फाइल जाते, रंगासाठी ईडीएल किंवा एक्सएमएल जाते (या सगळ्या कुठला तुकडा कुठे लावला आहे याची माहिती नेणाऱ्या फाइल्स), व्हीएफएक्सवाल्यांना शॉट्स जातात. व्हीएफएक्सचे शॉट्स नेमक्या लांबीचे कापून देत नाहीत. दोन्ही टोकांना साधारण आठ ते बारा फ्रेम्स जादा देतात, त्यांना हँडल्स म्हणतात. उद्या कट थोडा सरकला तर शॉट नव्याने बनवावा लागू नये म्हणून ही सोय.

आणि कट सरकतोच. लॉकनंतर तीन आठवड्यांनी कुणाला तरी वाटतं, तिसऱ्या रीलमधला तो शॉट जरा रेंगाळतो. एडिटर 7 फ्रेम्स काढतो. एडिट रूममध्ये हे काम पाच सेकंदांचं. पण त्या जागेपासून रीलच्या शेवटपर्यंत पावलांचे आवाज, संवाद, संगीत, दारं, पाऊस, असे शेकडो-हजारो आवाजाचे तुकडे आता 7 फ्रेम्सनी चुकलेले आहेत. संगीतकाराने जो ठेका नेमका एका कटवर आणला होता तो आता कटनंतर पडतोय. म्हणून असिस्टंट बदलांची यादी काढतो: कुठल्या टाइमकोडला किती फ्रेम्स गेल्या, किती आल्या. ती यादी आणि नवं चित्र सगळ्या विभागांना एकाच वेळी, एकाच आवृत्ती क्रमांकासह जातं. एका विभागाला जुनी आवृत्ती गेली, तर चूक लक्षात येते ती थेट मिक्सिंगच्या टेबलावर, जिथे प्रत्येक तासाचं भाडं चालू असतं. चित्रपट अजूनही साधारण वीस-वीस मिनिटांच्या रील्समध्ये विभागतात त्याचं एक मोठं कारण हेच. बिघाड झाला तर तो एका रीलपुरता राहतो.

रंग

आजचे कॅमेरे बहुधा लॉग पद्धतीने रेकॉर्ड करतात. हे फुटेज राखाडी, फिकट दिसतं, कारण उजेडातला आणि अंधारातला जास्तीत जास्त तपशील त्यात दाबून बसवलेला असतो. त्यातून पडद्यावरचं चित्र काढण्याचं काम कलरिस्टचं. आधी शॉट्स एकमेकांशी जुळवायचे. पाच मिनिटांचा सीन शूट व्हायला पूर्ण दिवस गेलेला असतो, सकाळचा उजेड आणि दुपारचा उजेड एकाच संभाषणात शेजारी आलेला असतो, आणि प्रेक्षकाला तो एकाच क्षणासारखा वाटायला हवा. त्यानंतर चित्रपटाचा म्हणून जो रंग ठरला असेल तो. 2000 साली आलेल्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात उन्हाळ्यातली हिरवीगार झाडी डिजिटल पद्धतीने वाळक्या, पिवळसर छटेत नेली होती. संपूर्ण चित्रपटाचा रंग अशा प्रकारे संगणकावर घडवण्याच्या सुरुवातीच्या मोठ्या उदाहरणांपैकी ते एक.

कलरिस्टने डोळ्यांपेक्षा स्कोपवर (चित्रातला उजेड आणि रंग आलेखात दाखवणाऱ्या साधनावर) जास्त भरवसा ठेवावा लागतो, कारण डोळा काही मिनिटांतच चुकीच्या रंगाला सरावतो. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला हवा, खोलीच्या भिंती करड्या हव्यात. आणि चित्र कुठे दिसणार आहे हे आधी माहीत हवं. थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याची चमक 48 निट्स (उजळपणाचं एकक) असते, साध्या टीव्हीचं मानक 100 निट्स आहे, एचडीआरचं (जास्त उजळ आणि तपशीलवार चित्राचं) मास्टरिंग बऱ्याचदा 1000 निट्सवर होतं. एकच सीन तिन्ही ठिकाणी सारखाच परिणाम करायला हवा असेल तर तो तीनदा तपासावा लागतो.

आवाज

माझ्या मते पोस्टमधला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत थेट परिणाम करणारा विभाग हाच. थोडं धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा संवाद चालवून घेत नाही.

वरच्याच सीनकडे वळू. आपण भावाचा तिसरा आणि पाचवा टेक जोडला. पण तिसऱ्या टेकच्या वेळी बाहेर दूरवर जनरेटर चालू होता आणि पाचव्याच्या वेळी बंद. चित्रात जोड दिसत नाही, कानाला मात्र तो लगेच कळतो: खोलीचा आवाजच मधेच बदलतो. डायलॉग एडिटर मग सेटवर मुद्दाम रेकॉर्ड केलेली खोलीची शांतता, म्हणजे रूम टोन, त्या जोडाखाली पसरवतो. सेटवर साउंडवाला तीस सेकंद सगळ्यांना गप्प उभं करतो तेव्हा युनिट वैतागतं. त्या तीस सेकंदांवर पुढे असे कितीतरी जोड झाकले जातात.

ज्या ओळी वाचवताच येत नाहीत त्या नट स्टुडिओत पुन्हा बोलतो. पावलं, कपड्यांची सळसळ, पेला ठेवल्याचा आवाज हे फोली कलाकार चित्र बघत करतात. वातावरणाचे आवाज वेगळे, संगीत वेगळं. शेवटी री-रेकॉर्डिंग मिक्सर हे सगळं एकत्र आणतो, पण संवाद, इफेक्ट्स आणि संगीत वेगवेगळ्या संचांत जपून ठेवतो. त्यामुळे चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करताना फक्त संवाद काढून बाकीचं तसंच वापरता येतं. आवाजाच्या पातळीलाही नियम आहेत. युरोपातल्या प्रक्षेपणासाठी सरासरी पातळी उणे 23 एलयूएफएस (आवाज किती मोठा जाणवतो याचं एकक) ठरलेली आहे. नेटफ्लिक्स संवादाच्या आधारे उणे 27 मागतं. मिक्स कितीही सुंदर असला तरी पातळी चुकली की फाइल परत येते.

थिएटरसाठी तयार होणाऱ्या अंतिम पॅकेजला डीसीपी म्हणतात. त्यात प्रत्येक फ्रेम जेपेग 2000 पद्धतीने दाबलेली असते, आवाज न दाबलेला असतो, आणि बहुतेक वेळा सगळं कुलूपबंद असतं. ठरलेल्या थिएटरच्या ठरलेल्या सर्व्हरला ठरलेल्या कालावधीसाठी किल्ली पाठवली जाते. ओटीटीसाठी आयएमएफ नावाची वेगळी रचना आहे. या टप्प्यावर क्यूसी (गुणवत्ता तपासणी) करणारी माणसं पूर्ण चित्रपट फ्रेम न फ्रेम तपासतात. संयमी माणसाला हे चांगलं काम आहे, आणि त्याकडे फारसं कुणी वळत नाही.

मग शिरायचं कुठून

बहुतेकांसाठी पहिली पायरी असिस्टंट एडिटरची. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं न दिसणारं काम त्याचं: सिंक, बिन लावणं, नावं देणं, आवृत्त्या सांभाळणं, टर्नओव्हर (इतर विभागांना द्यायच्या फाइल्स) पाठवणं, व्हीएफएक्सचे नवे शॉट्स आले की टाइमलाइनवर बदलणं. हे करता करता एडिटर कसा विचार करतो ते दिसत राहतं. दिग्दर्शकाने 'हा सीन आवडत नाही' म्हटल्यावर एडिटर काय विचारतो, काय मोडतो, कधी गप्प बसतो, हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळत नाही. बऱ्याचदा दिग्दर्शकाला खुपत असलेला सीन ठीक असतो आणि दोष त्याच्या आधीच्या सीनमध्ये असतो. हे ओळखायला शिकणं हेच खरं शिक्षण. मग एखाद्या दिवशी एडिटर म्हणतो, 'हा सीन तू लावून बघ.' त्या दिवसासाठी तयार असायचं.

सगळ्यांनी एडिटरच व्हायला हवं असंही नाही. ज्याला गणित आणि रचना आवडते त्याच्यासाठी डीआयटी (सेटवर कॅमेऱ्याचा डेटा सांभाळणारा), कन्फॉर्म, पोस्ट सुपरव्हायझर ही कामं आहेत. ज्याचा कान चांगला आहे त्याने आवाजाकडे जावं, तिथे चांगल्या माणसांची मागणी कायम असते. व्हीएफएक्स एडिटर ही तर स्वतंत्र वाट झाली आहे, कारण शेकडो शॉट्सची कुठली आवृत्ती कुठे आहे हे सांभाळणं एका माणसाचं पूर्णवेळ काम आहे.

हे सांगितलंच पाहिजे की काम बहुतांशी फ्रीलान्स आहे. प्रोजेक्ट असतो तेव्हा बारा-बारा तास, नसतो तेव्हा शांतता. पैसे कधी मिळणार, किती वेळा बदल करून देणार, नाव श्रेयनामावलीत कसं येणार, हे कामाआधी लेखी ठरवा. ओळखीतलं काम असलं तरी. तासन्‌तास खुर्चीत बसून पाठ आणि डोळे जातात. वॉल्टर मर्च उभं राहून एडिट करतात आणि तसं करण्याची त्यांची स्वतःची कारणंही आहेत, पण शरीराच्या दृष्टीने बघितलं तरी ती सवय उचलण्यासारखी आहे. आणि इथे माणसं एकमेकांना धरून राहतात. एडिटर थेल्मा स्कूनमेकर यांनी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींसोबत 1980 च्या 'रेजिंग बुल'पासून आजवर सलग काम केलं आहे आणि संकलनाची तीन ऑस्कर मिळवली, तिन्ही स्कॉर्सेसींच्याच चित्रपटांसाठी. अंधाऱ्या खोलीत महिनोन्महिने ज्याच्याबरोबर मनमोकळं भांडता येतं असा माणूस दिग्दर्शकाला सापडला की तो सोडत नाही.

एआयबद्दल विचारलं जातं, आणि काळजी खोटी नाही. संवादाचं लिखित रूप काढणं, टेक शोधणं, आवाजातला गोंगाट काढणं, फ्रेममधल्या माणसाभोवती कडा आखणं ही कामं आता मिनिटांत होतात. त्यातलं पुष्कळ काम हे नवख्या माणसाचं होतं. ते गेल्याचं मला वाईट वाटत नाही. त्याबरोबर एडिट रूममध्ये बसायची जागा जाऊ नये एवढीच चिंता आहे. भावाचा थांबा 12 फ्रेम्सचा की 36 चा हे यंत्र सुचवू शकेल, पण तो कुणाच्या बाजूने ठेवायचा हे ठरवायला सबंध चित्रपट कुणीतरी मनात धरलेला असावा लागतो. आणि तो धरायला माणूस शिकतो ते शेजारी बसून. म्हणून काम दुरून, घरी बसून करता येत असलं तरी सुरुवातीची वर्षं शक्य तितकी एडिटरच्या खोलीत काढा. तशी परवानगी मागायला लाजू नका.

तोपर्यंत स्वतः काय करता येईल? दोन माणसं, एक खोली, दोन मिनिटांचा सीन. फोनवर शूट करा, पण प्रत्येक कोनातून तीन-चार टेक घ्या आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या. मग तोच सीन तीन वेगळ्या प्रकारे लावा: एकदा बहिणीच्या बाजूने, एकदा भावाच्या, एकदा कुणाचीच बाजू न घेता. त्यातला एक लॉक करा आणि शेवटपर्यंत न्या. प्रॉक्सीवरून मूळ फुटेजवर कन्फॉर्म करा, रूम टोन भरा, रंग जुळवा, संवाद आणि इफेक्ट्स वेगळे काढा आणि डीसीपी-ओ-मॅटिकसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून डीसीपी बनवा. वाटेत जिथे जिथे अडाल ते लिहून ठेवा.

काम मागताना वेगवान संगीतावर झगझगीत शॉट्स जोडलेली शोरील पाठवू नका. तुम्ही लावलेला एक अख्खा संवादाचा सीन पाठवा, आणि त्याबरोबर त्या प्रोजेक्टच्या बिन्स आणि फोल्डरांचा एक स्क्रीनशॉट जोडा. सीन एडिटर बघेल तेव्हा बघेल. त्याच्या असिस्टंटची नजर मात्र आधी स्क्रीनशॉटवर जाईल, आणि फोन करायचा की नाही हे बहुतेक वेळा तोच ठरवत असतो.